नवरंग आणि पाचोळा

नवरंगाचा फोटो कुणी स्टेटसला टाकला की आपण आधी रंग मोजतो. हिरवी पाठ, खांद्यावर चमकदार निळा ठिपका, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, पांढरा गळा, पिवळसर छाती, शेपटीखाली लालभडक. मागे जे धूसर, तपकिरी दिसतं, त्याकडे लक्ष जात नाही. तो पाचोळा असतो. नवरंगाचं पोट त्याच्यावर चालतं.

हा जमिनीवर चरणारा पक्षी. शेपूट आखूड, पाय लांब आणि मजबूत. उड्या मारत फिरतो, चोचीनं पानं उलटतो, खालचे किडे आणि गांडुळं टिपतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मे-जूनमध्ये, पावसाच्या जरा आधी, मध्य भारतातल्या जंगलांत विणीसाठी येतो. आमच्या सिंदी रेल्वेला जवळचं जंगल म्हणजे बोर. आमच्याच सेलू तालुक्यातलं, साग-ऐन-तेंदू-बांबूचं. १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. लोक तिथे वाघासाठी जातात. नवरंग दिसण्याआधी ऐकू येतो: दोन सुरांची शीळ, पहाटे आणि सांजेला. तमिळमध्ये त्याला 'आरुमणि कुरुवी' म्हणतात. सहा वाजताचा पक्षी.

त्याचा लांबचा प्रवास रात्रीचा. थकला की कधीकधी गावातल्या झाडांतही उतरतो. मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आमच्या घरामागच्या आंब्याखाली एक उतरला. दोन दिवस होता. पलीकडे मालगाड्या धडधडत जायच्या, हा आपला पाला उलटत असायचा. पाला होता, कारण आजीचे गुडघे दुखत होते आणि आंब्याखालचं झाडणं राहून गेलं होतं.

मी तिला म्हटलं, आता झाडू नको. ती म्हणाली, "पाखरू गोड हाय वं. पन कचरा ठेवला तं साप निंगन ना!"

तिचं खोटं नाही. रात्री अंगणात तीच उतरते. मी सुट्टीपुरती येते.

जंगलातही हाच पेच आहे. मोहफुलं वेचायला जमीन साफ लागते, म्हणून उन्हाळ्यात झाडाखालचा पाला पेटवतात. आग पसरली की नवरंग पोचतो तेव्हा खाली राख असते. पण वेचणाऱ्याचं घर त्या फुलांवर चालतं. त्याला नुसतं 'पेटवू नका' सांगून भागत नाही. काही ठिकाणी मोहाखाली जाळी बांधतात, फुलं जाळीत पडतात, पेटवायची गरज उरत नाही. पक्ष्याचं आणि माणसाचं दोघांचं भागेल, अशी वाट शोधावी लागते.

आमच्याकडे तोडगा साधा निघाला. अंगण रोज झाडायचं. आंब्यापलीकडे, कुंपणालगत दोन खाटांएवढ्या जागेत पाला राहू द्यायचा, पेटवायचा नाही.

यंदा नवरंग आला नाही. सातभाई मात्र रोज येतात. कलकलाट करत पाला अंगणभर उडवतात. आजी त्यांना चार शिव्या घालते आणि झाडूनं पाला परत कुंपणाकडे लोटते.