सकाळचे सहा

मराठीच्या प्राध्यापकाला काळाविषयी बोलण्याची सवय असते. व्याकरणातले तीन काळ, कथनाचा काळ, कथनातील काळ, नाटकातले कालैक्य हे सारे आपण वर्गात इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की एखादी साधी तारीख आपल्याला अडचणीत आणील असे मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे एका दिवंगत शिक्षकाचा कागदपत्रांचा संग्रह त्यांच्या कुटुंबाने सोपवला. नाव देत नाही. दिले तरी ओळखीचे वाटणार नाही. गिरगावात राहणारे, शाळेत संस्कृत शिकवणारे, फावल्या वेळी भाषांतरे करणारे गृहस्थ. वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतही त्यांना जागा मिळालेली नाही. पण पत्रलेखक मोठे. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ते जाड वहीत उतरवून ठेवीत. अशा वह्या सात, आणि रोजनिश्या चार. त्यांची सूची करण्याचे काम माझ्याकडे आले. संगणक विभागातील एका सहकाऱ्याने त्यासाठी पोस्टग्रेस या प्रणालीत डेटाबेस उभारून दिला आणि दोन विद्यार्थ्यांनी नोंदी भरल्या.

त्या सूचीच्या आधारे मी एका चर्चासत्रात निबंध वाचला. विषय होता त्यांच्या पत्रांतील घर. निबंधाचा कणा एकच पत्र होते: पुण्याच्या मित्राला लिहिलेले, भाषांतराच्या मुद्रितांविषयीचे, एका श्लोकाच्या वृत्तावर दोन पाने खर्च करणारे, आणि शेवटी 'इकडील सर्व क्षेम' म्हणून संपणारे. सूचीत त्याची तारीख होती ११ ऑगस्ट १९३७. रोजनिशीवरून मला ठाऊक होते की त्यांच्या पत्नी १२ ऑगस्टला गेल्या. 'उद्या काय वाढून ठेवले आहे याचा गंधही नसलेले हे शेवटचे पत्र' असे वाक्य मी लिहिले होते. सभागृह क्षणभर स्तब्ध झाले, आणि मला ते आवडले, हे कबूल केलेले बरे.

पुढे पुस्तकासाठी छायाचित्र हवे म्हणून मी वही उघडली. पत्राच्या माथ्यावर स्वच्छ अक्षरांत होते: 'गुरुवार, ता. १२ ऑगस्ट १९३७, सकाळी ६.'

विद्यार्थ्यांनी चूक केली असेल म्हणून मी त्यांचे मूळ तक्ते पाहिले. तिथे तारीख बरोबर होती. सूचीत मात्र शेकडो तारखा एकेक दिवस मागे सरकल्या होत्या. सहकाऱ्यांनी कारण शोधले ते असे. तारखेसाठी केवळ तारखेचा प्रकार निवडण्याऐवजी कालक्षेत्रासह क्षण साठवणारा प्रकार निवडला गेला होता. त्या प्रकाराच्या नावात कालक्षेत्र असले तरी तो कालक्षेत्र साठवीतच नाही! दिलेला क्षण तो जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदलून ठेवतो आणि विचारणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे पुन्हा दाखवतो. आम्ही वेळ दिलीच नव्हती, म्हणून त्याने मध्यरात्र गृहीत धरली. भारतातील १२ तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसीतील ११ तारखेचे साडेअठरा वाजलेले. सूची छापून काढली त्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसीचे होते. त्याने वेळ कापून टाकली, तारीख तेवढी ठेवली, आणि गुरुवारचा बुधवार झाला.

सहकारी म्हणाले, ''मॅडम, तारीख आणि क्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढदिवसाला कालक्षेत्र नसते.'' हे वाक्य खरे तर साहित्याच्या माणसाने बोलायला हवे होते. वार लिहिलेला असताना तो पडताळून न पाहणे हा दोष मात्र यंत्राचा नव्हे. आता वाराचा वेगळा स्तंभ आहे, आणि वार व तारीख जुळत नसेल तर नोंद स्वीकारलीच जात नाही.

अशा आणखी कितीतरी गोष्टी त्यानंतर उघडकीला आल्या. वहीतले 'दु. ३॥' तक्त्यात नुसते ३ झाले होते, कारण पाव-अर्ध्या-पाऊणच्या उभ्या रेघा आजच्या विद्यार्थ्यांना वाचता येत नाहीत. 'पौष, शके १८५९' एवढीच नोंद असलेले पत्र होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण पाठ केलेले असते, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात, आणि पौष कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत. यंत्राला अशी अर्धवट तारीख चालत नाही; तो प्रकार पूर्ण वर्ष-महिना-दिवस मागतो. विद्यार्थ्यांनी भाबडेपणाने सगळीकडे '१ जानेवारी' भरले होते. त्या यादीवरून पाहिले तर आमचे शिक्षक दर नववर्षदिनी पत्रांचा वर्षाव करीत! शेवटी आम्ही तीन स्तंभ केले: पत्रावर जसे आहे तसे अक्षरशः, शक्य असलेली सर्वांत आधीची तारीख, आणि सर्वांत नंतरची. यांतला पहिला मी मागून घेतला, आणि तो कधीही बदलायचा नाही असा नियम घालून घेतला.

तारीख दुरुस्त झाली. निबंध मात्र कोसळला. पत्नी गेल्या त्याच दिवशीचे हे पत्र. मी झालेली चूक कुटुंबाला कळवली. शिक्षकांची नात न्यू जर्सीत असते. सत्तरी ओलांडलेल्या, नेटके मराठी बोलणाऱ्या बाई. (त्यांच्याशी बोलण्याची वेळ ठरवणे हेही एक प्रकरणच. नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे जातात आणि साडेनऊ तासांचे अंतर साडेदहा होते.) त्यांनी एकच प्रश्न विचारला. ''मॅडम, आजोबांनी हे पत्र आजी गेल्यावर लिहिलं की आधी?''

रोजनिशीत त्या पानावर एकच ओळ आहे. पत्नीचे नाव, आणि 'सकाळी ६-२० (स्टँ.)'. पत्रावर नुसते 'सकाळी ६'. तेव्हा वीस मिनिटे आधी, असे मी सांगणार होते. त्या कंसाने मला थांबवले.

हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. ती यूटीसीच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे. आगगाडी 'स्टँडर्ड'ने सुटे आणि घरातले घड्याळ 'बॉम्बे टाइम' दाखवी. हा दुहेरी संसार १९५५ पर्यंत चालला. म्हणजे पत्रावरचे सहा प्रमाणवेळेचे असतील तर पत्र मृत्यूच्या वीस मिनिटे आधीचे. मुंबईच्या वेळेचे असतील तर प्रमाणवेळेने सहा एकोणचाळीस. एकोणीस मिनिटे नंतरचे.

आणि डेटाबेस? त्याला मुंबईची वेळ माहीतच नाही. जगभरच्या कालक्षेत्रांची जी यादी या प्रणाली वापरतात तिच्यात भारतासाठी 'आशिया/कोलकाता' ही एकच नोंद आहे, कारण १९७० पासून ज्यांची घड्याळे जुळतात त्या सर्व ठिकाणांना ती यादी सहसा एकत्र धरते. त्या नोंदीला बरेच काही ठाऊक आहे. १९०६ पूर्वीची तारीख दिली तर ती मद्रास वेळेचे पाच तास एकवीस मिनिटे दहा सेकंद सांगते. महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ घड्याळे तासभर पुढे होती हेही तिला माहीत आहे. पण तिच्या हाती 'सकाळी ६' दिले की ती मुकाट्याने प्रमाणवेळ लावते आणि 'आधी' असा निकाल देऊन मोकळी होते. आपण काही ठरवले आहे हे ती कळूही देत नाही.

मी चारही रोजनिश्या वेळेच्या नोंदींसाठी पुन्हा वाचल्या. जिथे गाडी, तार किंवा सरकारी काम आहे तिथे बहुधा 'स्टँ.' आहे; दूध, शाळा, पाऊस यांच्यापुढे काही नाही. न लिहिलेली वेळ ती घरची वेळ, असे दिसते. मृत्यूची वेळ डॉक्टरांच्या दाखल्यावरून उतरवली असावी. हा कल 'नंतर'कडे झुकतो. पण दोन नोंदी अशाही सापडल्या की जिथे गाडी आहे आणि 'स्टँ.' नाही.

माझा स्वतःचा कल सांगते. मला वाटते ते नंतरचेच पत्र आहे. शेजारच्या खोलीत माणसे जमायला लागलेली, आणि हा माणूस मेजाशी बसून वृत्तातला एक गुरू लघू करण्याविषयी दोन पाने लिहितो, आणि सवयीने 'इकडील सर्व क्षेम' लिहून मोकळा होतो. पूर्वी त्या तीन शब्दांवर मी 'पत्रलेखनाचा संकेत' म्हणून अर्धे वाक्य खर्च केले होते. आता ते शब्द मला वाचवत नाहीत. तरी हे वाचन मला इतके हवेसे वाटते म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही. मागच्या वेळीही मला माझे वाचन असेच आवडले होते.

नोंद अशी केली आहे: अक्षरशः, 'सकाळी ६', वेळेचा प्रकार, अनिश्चित, सर्वांत आधीची वेळ प्रमाणवेळेने ६.००, सर्वांत नंतरची ६.३९. सहकाऱ्यांनी माझ्यासमोर दोन प्रश्न चालवून पाहिले. पत्र निश्चितपणे मृत्यूच्या आधीचे आहे का? उत्तर आले, नाही. निश्चितपणे नंतरचे आहे का? नाही.

नातीला मी दोन्ही पानांची छायाचित्रे पाठवली आणि एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब लिहिला. पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा त्यांच्याकडे रात्र होती, इकडे सकाळ. बराच वेळ त्या पावसाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, ''आमच्या घरातलं ते भिंतीवरचं घड्याळ काकांकडे गेलं. ते कुठल्या वेळेवर लावलेलं असायचं, ते विचारायला हवं होतं. आता कोणाला विचारणार?''