वायनाड : पाऊस, बसदी आणि प्रवासाचा काळ

केरळच्या ईशान्य भागात, कर्नाटक व तामिळनाडूच्या सीमांना लागून, वायनाड जिल्हा पश्चिम घाटाच्या पठारावर वसलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० ते २१०० मीटर उंचीमुळे येथे ना किनाऱ्यावरचा उकाडा, ना उत्तरेकडील कडाक्याची थंडी. कॉफी, काळी मिरी व वेलदोडा यांची येथील संपन्नता या सौम्य हवेवर आणि विपुल पावसावर उभी आहे.

जैन समाजाचे या भूमीशी जुने नाते आहे. सुलतान बत्तेरी येथील तेराव्या शतकातील मानली जाणारी पाषाणी बसदी आरंभी देवालय, पुढे व्यापाराचे केंद्र आणि टिपू सुलतानाच्या काळात दारूगोळ्याचे कोठार झाली. तोफखान्यासाठीच्या ‘बॅटरी’ या शब्दावरूनच गावाला आजचे नाव पडले. आता ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून तेथे पूजा होत नाही. कल्पेट्ट्याजवळील पुलियारमला येथील अनंतनाथ स्वामींच्या मंदिरात मात्र दर्शन-पूजन चालू आहे.

तेथे जावे केव्हा? जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे घाटाच्या कड्यावर आदळतात. तामरश्शेरी घाटाची नऊ वळणे चढून गेल्यावर लागणारे लक्किडी केरळमधील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमी पावसाच्या सरी येतात. पावसाळ्यात हिरवाई अपूर्व असते व निवासाचे दरही उतरतात; त्यामुळे अनेकांना तोच काळ सोयीचा वाटतो. पण ३० जुलै २०२४ रोजी पहाटे मुंडक्कई व चूरलमला परिसरात दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अल्पकाळात कोसळणाऱ्या पावसाने डोंगरउतारावरील माती किती सहज सुटते, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

ती दुर्घटना चातुर्मासातील होती. पावसाळ्यात ओल्या वाटांवर असंख्य सूक्ष्म जीव वावरतात, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. शत्रुंजयाची यात्राही कार्तिकी पौर्णिमेलाच पुन्हा सुरू होते. वायनाडच्या वाटांवर पावसाळ्यात जळवा व गोगलगायी पावलोपावली आढळतात. तेथे हा नियम किती डोळसपणे घालून दिला आहे, हे सहज कळते. जीवदयेसाठी पाळलेला संयम प्रवाशाच्याही जिवाचे रक्षण करतो.

म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारी, हा काळ सर्वोत्तम. तेव्हा आकाश निरभ्र असते, सकाळी धुके व गारवा असतो, अंगणांत कॉफीची फळे वाळत असतात आणि मिरीची काढणी चालू असते. व्यापारी कुटुंबातील मुलांना दुकानातील माल कोठून येतो, हे तेथे प्रत्यक्ष दाखवता येते. मार्चच्या आसपास वळवाच्या सरींनंतर कॉफीचे मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. मात्र उन्हाचा ताप तेव्हा वाढू लागतो.

म्हैसूरहून मोटारीने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बंदीपूरच्या अरण्यातून जाणारा रस्ता वन्यजीवांच्या रक्षणासाठी रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहनांना बंद असतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांनी सकाळीच निघून दिवसाउजेडी मुक्काम गाठावा, म्हणजे ‘चोविहार’ही सांभाळला जातो आणि अरण्यातील प्राण्यांची वाटही मोकळी राहते.