पाते थांबेपर्यंत

निवृत्तीनंतर अंगणातील हिरवळ राखणे हा माझा नित्यनेम झाला. मुलाने विजेवर चालणारा लॉनमोअर आणून दिला, तेव्हा वय ७१ होते. अभिमान मात्र पंचविशीतला.

गेल्या श्रावणात सर ओसरताच मी यंत्र बाहेर काढले. ओल्या गवताने त्याचे तोंड तुंबले. बटण बंद करून मी लगेच खाली हात घालू लागलो. “अहो, थांबा! पिन काढलीत का?” व्हरांड्यातून ही ओरडली. पाते अजून फिरतच होते. माझ्या मंदावलेल्या कानांना ती घरघर ऐकूच आली नव्हती. त्यात मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. साधा काप गेला तरी रक्त लवकर थांबत नाही.

बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते. आता आधी पिन काढतो, पाते थांबलेले डोळ्यांनी पाहतो आणि मगच काठीने गवत सोडवतो. हिरवळ सुकल्याशिवाय यंत्र लावत नाही. ओल्यावर पाय घसरतो, विजेचे भय निराळेच. खडे आधी वेचतो, कारण पात्याने उडवलेला खडा डोळाही फोडू शकतो. चपलेऐवजी बंद बूट घालतो (वाकावे लागते, ही तक्रार आहेच). नातवंडे तेवढा वेळ घरात.

उताराचा पट्टा मी माळीदादांकडे सोपवला. तसे करताना मनाला लागले, हे कबूल करतो.

ही अजून व्हरांड्यात बसते. हाती वर्तमानपत्र असते. पान मात्र उलटत नाही.