बसवून देण्याचे शंभर

सॉफ्टवेअरमधली माझी पहिली कमाई शंभर रुपये. साल २००३, गाव जामनेर. एकाच्या घरी विंडोज एक्सपी बसवून दिलं, त्याचे. ते विंडोज माझं नव्हतं, ज्याने मला सीडी दिली त्याचं नव्हतं आणि ज्या दुकानातून त्याने ती जळगावहून आणली त्या दुकानदाराचं तर नव्हतंच. पण ते शंभर रुपये माझ्या मेहनतीचे आहेत याबद्दल त्या दिवशी कुणालाच शंका नव्हती. मलाही नाही.

तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नुकते येत होते. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पोरांना घरी सराव करायला मशीन हवंसं झालं. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पत्रिका छापणारे. मशीन जळगावहून असेंबल करून यायचं. बिलावर मॉनिटर, मदरबोर्ड, रॅम, अगदी माऊसपॅडसुद्धा लिहिलेलं असे. सॉफ्टवेअरची ओळच नाही. ते 'आतच' असायचं, नव्या माठात पाणी असावं तसं. मग लोडशेडिंगच्या कृपेने दोन-तीन महिन्यांत विंडोज झोपायचं आणि मला बोलावणं यायचं. फॉरमॅट मारायचा, विंडोज, ऑफिस, पेजमेकर, दोन-चार गेम. चहा, पोहे, शंभर रुपये. एकानेही कधी पैसे बुडवले नाहीत. ही फार सरळ माणसं होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पायरसीवर लिहिणारे बहुतेक लोक सुरुवातच 'भारतीयांची फुकटी वृत्ती' इथून करतात.

फुकटी वृत्ती म्हणावी तर मग हे बघा. २००५ पासून उबुंटूवाले मागेल त्याला लिनक्सच्या सीड्या जगभर पोस्टाने फुकट पाठवत. (२०११ मध्ये बंद केलं.) मी मागवल्या. खरंच आल्या, जामनेरला! पोस्टमनने सही घेताना "परदेशातून काय रे?" विचारलं. मी त्या हौसेने वाटल्या. कायदेशीर, फुकट, व्हायरस नाही. आठवडाभरात सगळे परत चोरीच्या विंडोजवर. कारण पेजमेकर त्यावर चालत नाही, मराठी फॉण्ट बसत नाहीत, आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा गावात मी एकटा. लोकांना फुकट नको होतं, शेजाऱ्याकडे आहे तेच हवं होतं. एक सीडी नंतर मी एका मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर चमकताना पाहिली.

गावात पैसे मोजून घेतलेलं एकच सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात होतं, एका डीटीपीवाल्याचं श्रीलिपी. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचं. त्याबरोबर कॉम्प्युटरच्या मागे लावायचं लॉक येई. लॉक काढलं की मराठी बंद. रात्री दुकान बंद करताना तो ते लॉक गल्ल्यातल्या पैशांबरोबर घरी न्यायचा. अडोबीचा पेजमेकर मात्र त्याच मशीनवर चोरीचा, आणि यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं. हातात धरता येतं त्याचे पैसे.

मग मी त्या बाजूला गेलो. म्हणजे विकणाऱ्यांच्या.

जळगावला इंजिनियरिंग करत असताना, २००६ मध्ये, मी कृषी केंद्रासाठी एक प्रोग्राम लिहिला. बियाणं-खतांचा स्टॉक, बिल, आणि मुख्य म्हणजे उधारी. कृषी केंद्राचा धंदा जूनमध्ये विकायचा आणि कापूस घरात आला की वसूल करायचा, त्यामुळे उधारीची वही हाच त्यांचा जीव. चार महिने रात्री जागून लिहिलं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, आणि ते अर्थातच चोरीचं. बाजारपेठेतल्या एका नानांनी चार हजारांना घेतलं, दोन हप्त्यांत. शिवाय प्रत्येक खेपेला न मागता वरखर्चाचे शंभर हातावर ठेवायचे.

दिवाळीनंतर पहूरहून फोन आला. मग शेंदुर्णी, मग फत्तेपूर. "साहेब, जमाखर्चाचा फरक येतोय." मी यांना ओळखतही नव्हतो. माझा मोबाईल नंबर मीच मोठ्या अभिमानाने पहिल्या स्क्रीनवर टाकला होता, तो बघून ते फोन करत होते. सरळ माणसं! चोरीचा माल बिघडला म्हणून मालकाला फोन करणारी.

बिल गेट्सने फेब्रुवारी १९७६ मध्ये कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना उघड पत्र लिहिलं होतं, की तुमच्यातले बहुतेक जण आमचं बेसिक चोरून वापरता, मग आम्ही चांगलं सॉफ्टवेअर लिहायचं कशाच्या जोरावर? तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मी एकवीस. ते पत्र मी त्या आठवड्यात नेटकॅफेत वाचलं आणि मला शब्द न् शब्द पटला. ज्याचं बेसिक मी स्वतः चोरलं होतं, त्याचंच!

नानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, हो, दिलं, पाव्हण्याला दिलं, एक-दोन ओळखीच्यांना दिलं.

"मले एक सांग. बाजरीचं बी मी तुझ्या बापाले दिलं होतं. त्यानं पेरलं, त्याचं झालं, माझंही राह्यलं. तेव्हा कोनी चोरी म्हटलं?"

या प्रश्नावर मी नंतर बरीच वर्षं घालवली. शेतकऱ्याने बियाणं राखणं, वाटणं, विकणंसुद्धा हा त्याचा हक्क आहे, असं आपला २००१ चा वाणसंरक्षणाचा कायदाच म्हणतो. अट एकच, कंपनीच्या नावाने छापील पाकिटात विकायचं नाही. म्हणजे नाना हवेत बोलत नव्हते. त्यांच्यामागे हजारो वर्षांची रीत होती, माझ्यामागे १९८४ ची दुरुस्ती, जिने कॉम्प्युटर प्रोग्रामला कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती' करून टाकलं.

तरी मी म्हटलं, "नाना, पण कपाशीच्या संकरित बियाण्याचं काय? त्याची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर?"

"उगवते. पन तसं झाड येत नाही."

तेच तर लॉक! सुरतेला १९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी संकर-४ काढली, कपाशीचा व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकर. तेव्हापासून दर जूनला नवं पाकीट, आणि नानांचं अख्खं दुकान त्यावर उभं. मी शेवटचा पत्ता टाकला, "मग बोगस बियाणं विकणाऱ्याला तुम्ही शिव्या का देता?"

"तो फसवतो रे. पाकिटात भलतंच भरतो. मी तुझं अस्सल दिलं."

यावर मला काहीच सुचलं नाही. आता सुचतं. बी देणारा स्वतः पिकवलेलं देतो, आणि घेणाऱ्यालाही हंगामभर राबावं लागतं. माझे चार महिने एकदाच लागले होते आणि ते कुणीही पाहिले नव्हते. नानांनी पाहिलं होतं ते मला सायकलवर येताना आणि दुकानात दोन तास बसताना. त्याचे पैसे त्यांनी कधी ठेवले नाहीत.

रागाच्या भरात मी पुढच्या आवृत्तीत कुलूप घातलं. प्रोग्राम हार्डडिस्कचा नंबर बघायचा, दुसऱ्या मशीनवर चालायचाच नाही. खूष होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला पाऊस पडून दुकानासमोर रांग लागलेली असताना, विजेच्या झटक्याने नानांची हार्डडिस्क गेली. नवी टाकली तर प्रोग्राम म्हणतो, ही प्रत अनधिकृत आहे. तालुक्यात ज्या एकमेव माणसाने पैसे दिले होते त्यालाच कुलूप लागलं! माझी परीक्षा चालू होती, मी तिसऱ्या दिवशी पोचलो. नाना काही बोलले नाहीत. कोपऱ्यात जुनी लाल वही उघडलेली होती.

कुलूप काढून टाकलं ते कायमचं.

गावोगावी प्रोग्राम पोचवणारा मात्र पाव्हणा नव्हता. तो माझा मित्र होता, माझ्याबरोबर फॉरमॅट मारत हिंडलेला. बसस्टॅण्डवर चहा पिताना विचारलं तर कबूल झाला. दुकानामागे पाचशे घेत होता. प्रोग्रामचे नाही, म्हणाला, बसवून देण्याचे. "तुझ्याकडूनच शिकलो ना."

काय बोलणार? कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब म्हणतं, चोरीची प्रत माहीत असून धंद्यात वापरली तर किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजार दंड. तो पत्रिकावाल्यांना लागू. कलम ६३ प्रमाणे नफ्यासाठी नकला पसरवणाऱ्याला किमान सहा महिने. ते मला आणि मित्राला. आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा आम्हीच मोठे गुन्हेगार होतो.

नोकरी लागल्यावर वाटलं, निदान ते व्हीबी तरी विकत घेऊन टाकू. तोवर मायक्रोसॉफ्टने ते केव्हाच मोडीत काढलं होतं. ते पैसे राहिलेच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी महिनाभर मला अनोळखी नंबरांवरून फोन, की बिलात जीएसटी करून द्या. अकरा वर्षांनी तो प्रोग्राम अजून चालू होता! मी दीड हजार सांगितले. फोन करणारे चाळीसेक, त्यातल्या नऊ जणांनी दिले. १९९८ मध्ये गेट्स चीनबद्दल म्हणाला होता, की चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागली की वसुलीचं पुढे बघू. त्याचं वाक्य मला अशा रीतीने, तेरा हजार पाचशे रुपयांपुरतं, खरं ठरलेलं पाहायला मिळालं. त्यात नानाही होते. त्यांना नको म्हटलं, ऐकले नाहीत.

मित्राचाही फोन आला, त्याच आठवड्यात. नवी आवृत्ती त्याला पाठवू का विचारत होता, गावोगाव तोच जाणार म्हणाला, मला पुण्याहून कुठे जमणार. पाठवतो म्हटलं. मग जरा थांबून त्याने विचारलं, "बसवून देण्याचे मी किती घेऊ?"