कोंढा ते सीताबर्डी : एका लॅपटॉपची वारी

भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की अड्याळनंतर कोंढा लागते. शेजारचे कोसरा इतके लगत आहे की लोक दोन्ही नावे जोडूनच घेतात : कोंढा-कोसरा. जुलैत इकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि बाया गुडघाभर चिखलात रोवणी करत असतात. अशाच दिवसांत आम्ही बापलेक एक जुना गेमिंग लॅपटॉप घेऊन एसटीने नागपूरला निघालो.

लॅपटॉप मुलाच्या मामाने दिलेला. बारावीनंतर मुलाला अ‍ॅनिमेशन शिकायचे आहे. त्याचे म्हणणे, “अब्बा, ग्राफिक्स कार्ड आणि स्क्रीन बदलली की नवा घ्यायची गरज नाही.” घरात बाजूला ठेवलेली रक्कम एकच होती आणि मुलीचा नर्सिंगचा प्रवेशही त्यातूनच व्हायचा होता. म्हणून खर्चाआधी जाणकाराला विचारायचे ठरले.

भंडाऱ्याला गाडी बदलली. तिथून नागपूर साधारण ६० किलोमीटर. मौद्याला कन्हान ओलांडली, गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरलो, मोमिनपुऱ्यात जेवण आणि जोहरची नमाज आटोपली व सीताबर्डी गाठली. एका अरुंद जिन्यावरच्या दुकानात तरुण कारागिराने लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले.

“सर, कार्ड बदलणार नाही,” तो सरळ म्हणाला.

मेजावरच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड वेगळे असते. खाचेतून काढा, दुसरे बसवा. लॅपटॉपमध्ये मात्र ग्राफिक्सची चिप बहुधा मदरबोर्डलाच जोडलेली असते. तिच्याखाली मोहरीहून बारीक अशा शेकडो गोळ्या असतात, बहुतांशी कथिलाच्या. आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथिल. पूर्वीच्या काही महागड्या लॅपटॉपांत काढता येणारे कार्ड असे. अलीकडे फ्रेमवर्क कंपनीने १६ इंची लॅपटॉपात तशी सोय केली आहे. बाकीच्यांत चिप उपटून जास्त ताकदीची बसवली, तरी थंड करणारे पंखे, वीज पुरवणारा अ‍ॅडॉप्टर आणि आतली मूळ प्रणाली हे सारे जुन्या चिपच्याच मापाचे राहते. बाहेरून कार्ड जोडता येते, पण त्यासाठी थंडरबोल्ट किंवा तशीच वेगवान जोडणी लागते. आमच्या यंत्रात ती नव्हती.

मुलाचा चेहरा उतरला. कारागिराने मग स्क्रीन सोडवून उलटी केली. “ही बदलेल,” तो म्हणाला.

स्क्रीनच्या पाठीवर मॉडेल क्रमांक छापलेला असतो. नवी घेताना तो क्रमांक, इंचांतले माप, जाडी आणि जोडणीच्या पट्टीच्या पिना जुळाव्या लागतात. ३० पिनांची जोडणी साधारणपणे ६० हर्ट्झच्या स्क्रीनला असते, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनला बहुधा ४० पिना लागतात, आणि मदरबोर्डवरची जोडणीही तशीच हवी. आमची ३० पिनांची निघाली.

“मग १४४ ची लावून फायदा नाही,” तो मुलाला म्हणाला. “६० ची आयपीएस घे. रंग खरे दिसतील, बाजूने पाहिले तरी फिके पडणार नाहीत. चित्रकामाला तेच हवे.”

त्याने स्क्रीन बदलली, पंख्यातली धूळ काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि रॅमच्या रिकाम्या खाचेत आणखी एक पट्टी बसवली. विदर्भाच्या उन्हाळ्यात धूळ भरलेले यंत्र तापते आणि तापले की स्वतःच मंद होते; कार्ड कमजोर आहे असे वाटते ते कित्येकदा यामुळे. सगळे मिळून जो खर्च आला, त्यात मुलीच्या प्रवेशाच्या पैशाला हात लागला नाही.

त्या तरुणाने मनात आणले असते तर कार्डाच्या नावाखाली आमच्याकडून बरेच काही काढता आले असते. त्याने आधी “होणार नाही” सांगितले, म्हणूनच “होईल” यावर आमचा विश्वास बसला.

ज्यांच्या घरी असा हट्ट चालू असेल, त्यांनी दुकानात एवढे विचारावे : चिप बोर्डाला जोडलेली आहे की सुटी? स्क्रीनचा क्रमांक काय, पिना किती? रॅमची खाच रिकामी आहे का? आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. आमची जुनी स्क्रीन कोंढ्याला परत आली आहे. मुलगा सध्या तिचे आतले थर सोडवून बघतो आहे.