अळू आणि पंगत

पुण्याच्या वाड्यांमधून अळू कुणी लावत नसे, ते असायचं. न्हाणीघराचं पाणी जिथून परसात उतरे, त्या कायमच्या ओलीत त्याचं रान माजलेलं असे. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात बिऱ्हाडं पुष्कळ, न्हाणी एक आणि अळू सगळ्यांचं. भाजीला काही नसलं की आजी परसात जायची आणि ओच्यात पानं घेऊन यायची. पानात वाढताना तिचं ठरलेलं वाक्य, ‘‘विकतचं नाही गं, घरचं आहे. खा मुकाट्यानं.’’

आमची अडचण नेमकी ती घरचं असण्याचीच होती. मंडईतल्या भाजीचा पूर्वेतिहास कुणाला ठाऊक नसतो. या अळवाचा इतिहास रोज सकाळी आमच्या डोळ्यांदेखत घडायचा. वाड्यातली यच्चयावत मंडळी अंघोळी उरकत आणि ते सगळं पाणी त्याच्या मुळाशी जाई. त्यात घसा खवखवण्याची धास्ती. अळवाच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, टोकदार स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आजीला स्फटिक माहीत नव्हते. पण चिरायच्या आधी ती हाताला तेल लावायची, भाजी भरपूर शिजवायची आणि चिंचेला हात सैल सोडायची.

तिचं अळू करणं बघत बसावं असं होतं. देठांची साल ती नखानं सुरुवात करून एका ओढीत काढी. पानं आणि आंबट चुका एकत्र शिजवून रवीनं घोटायचे, डाळीचं पीठ लावायचं. मग भिजवलेले शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या, गूळ, गोडा मसाला आणि वरून मेथीदाण्यांची चरचरीत फोडणी. एवढं करून पानात पडे ते हिरवंकाळं, बुळबुळीत आणि शेजारच्या कोशिंबिरीकडे ओघळत निघालेलं. आम्ही शेंगदाणे आणि खोबरं तेवढं वेचून खायचो. उरलेलं भाताखाली दडपलं जायचं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आमच्या परसात पाणी ओसरल्यावर नुसता गाळ उरला. तुळशीवृंदावन गेलं, प्राजक्त आडवा झाला. काही आठवड्यांत त्या गाळातून गुंडाळलेल्या पानांची टोकं वर आली. आजीचा चेहरा उजळला. आम्हा भावंडांचे पडले. पुरानंही सुटका केली नव्हती.

त्याच अळवाभोवती आम्ही वर्षातून एक दिवस घुटमळत असू. ऋषिपंचमीला, म्हणजे गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी, व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर न लावता, हातानं खणून पिकवलेलं तेवढंच चालतं. परसातलं अळू, लाल भोपळा, दोडका, माठ, मका असं सगळं एका पातेल्यात शिजे. ज्यांना परस नाही ते हल्ली ही ‘ऋषीची भाजी’ मंडईतून आणतात. 1886 साली बांधलेल्या त्या मंडईच्या आवारात आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या लहानपणी त्या दिवशी आम्हाला ‘खा’ म्हणणारं कुणी नसे. उलट ‘‘तुमचं जेवण वेगळं आहे, इथे लुडबुडू नका’’ असा दम मिळे. बायका गोल करून बसत, गप्पा चालत, आणि आम्ही दारात उभे राहून तळहातावर चमचाभर मागून घेत असू. मसाला नाही, फोडणी नाही, अळू तर त्यात भरपूर. तरीही आम्ही हात चाटत असू.

लग्न होऊन कोथरूडला आले तेव्हा माहेरून एक कंद आणला. बाल्कनीत अर्धा कापलेला पिंप, त्याला तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी. पुढे वाडा पाडला, तिथे इमारत उभी राहिली; अळू माझ्याकडे वाचलं. माझा मुलगा मॅगीच्या पिढीतला. मॅगी आपल्याकडे 1983 साली आली आणि ‘घरचं’ या शब्दाचा भाव उतरला. मी अळू थालीपिठात कालवलं, आमटीत सोडलं. वड्यांचंही करून पाहिलं. पण वडीचं अळू निराळं, काळसर देठाचं, माझं भाजीचं. जीवनसत्त्वांवर व्याख्यानंही दिली. सगळं अळवावरचं पाणी.

आता नात आहे. मुलांना मातीत हात घालू द्या, स्वतः वाढवलेलं ती आवडीनं खातात, असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. मी तो पिंप तिच्या हवाली केला. तिनं मनापासून केलं. रोज पाणी घालायची, पानावर थेंब पळवायची, नव्या पानाची सुरळी उलगडताना मला हाक मारून दाखवायची. एका रविवारी मी कात्री घेऊन गेले तर ती आडवी उभी राहिली. ‘‘आजी, हे माझं आहे. मी याला पाणी घालते आणि तू याला कापून मलाच खायला घालणार?’’ त्या दिवशी आमच्याकडे बटाट्याची भाजी झाली.

मग भाचीचं लग्न झालं, कर्वे रोडच्या एका कार्यालयात. हौसेनं पाटावरची पंगत मांडली होती. मसालेभात, जिलबी, मठ्ठा आणि पुणेरी लग्नात चुकत नाही ते अळू. नात आते-मामेभावंडांच्या रांगेत बसली होती. वाढपी ‘अळू, अळू’ करत आला, पहिल्यानं द्रोण पुढे केला, दुसऱ्यानं केला, मग हिनंही केला. मी समोरच्या ओळीत होते, पण माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं. वाढपी परत फिरला तेव्हा तिचा द्रोण पुन्हा पुढे होता.

अमेरिकेत लीअन बर्च या संशोधिकेनं 1980 साली हेच पडताळून पाहिलं होतं. एखादी भाजी नावडणाऱ्या लहान मुलाला ती आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर काही दिवस जेवायला बसवलं, तर ते मूल तीच भाजी निवडू लागलं. आपल्याकडे याला पंगत म्हणतात. घरी पिकवल्याचं समाधान मोठ्यांचं असतं. त्याची परतफेड मुलांनी चवीनं करावी, ही अपेक्षा जास्तच झाली. बाग मुलांना झाडाचा लळा लावते. जिभेला वळण लागतं ते शेजारच्या पानाकडे बघून. एकट्या मुलासमोर ताट ठेवून दोन मोठी माणसं घासाकडे डोळे लावून बसली, तर तिथे परीक्षा होते, जेवण होत नाही.

म्हणून हल्ली अळू केलं की मी मजल्यावरच्या सगळ्या पोरांना हाक मारते. नातीनं अट घातली आहे, नवं पान कापायचं नाही. उरलेली जुनी पानं एवढ्या जणांना पुरत नाहीत, तेव्हा निम्म्याहून जास्त अळू मंडईतून येतं. त्यातलं घरचं किती आणि विकतचं किती, हे अजून एकाही पोरानं विचारलेलं नाही. मीही सांगत नाही.