आधी पाणी, मग चुनखडी

कीटकभक्षी प्राण्याला आपण रातकिडा खाऊ घालतो तेव्हा त्याच्या पोटात दोन गोष्टी जातात. एक म्हणजे रातकिड्याचे शरीर, आणि दुसरी म्हणजे त्या रातकिड्याने मरण्याआधीच्या एक-दोन दिवसांत जे खाल्ले-प्यायले ते. पहिलीत आपल्याला फारसा बदल करता येत नाही. दुसरी मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते आणि हेळसांड होते ती नेमकी तिचीच. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत घरकिडा नावाचा रातकिडा, म्हणजे ‘अकीटा डोमेस्टिकस’, डबीत भरून विकायला असतो. लेपर्ड गेको, बिअर्डेड ड्रॅगन, कॅमेलिऑन, नाना जातींचे बेडूक त्यावर पोसले जातात. मुंबई-पुण्यातही असे परदेशी सरडे पाळणारे आता दिसतात. डबी आणायची, किडे काचेच्या पेटीत सोडायचे, सरड्याने मटकावले की काम झाले, असा सर्वसाधारण रिवाज आहे. माझ्या मते दुकानातून आलेला रातकिडा हे अर्धेच शिजलेले अन्न आहे. ते पुरे व्हायला साधारण दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत पाण्याचा प्रश्न खाद्याच्या आधी सोडवावा लागतो. सगळे जण खाद्याबद्दल बोलतात, पाण्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

प्रथम आकडे. मार्क फिंके या पोषणतज्ज्ञाने २००२ मध्ये विक्रीसाठी वाढवलेल्या कीटकांचे सविस्तर पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रौढ घरकिड्यात सुमारे ६९ टक्के पाणी, २० टक्के प्रथिने आणि ७ टक्क्यांच्या आसपास चरबी असते. इथवर तक्रारीला जागा नाही. पण एक किलो रातकिड्यांत कॅल्शियम भरते जेमतेम ४०० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस जवळपास २,९५० मिलिग्रॅम, म्हणजे एकास सात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्यतो त्याहून जास्त असावे लागते. या तफावतीचे कारण सरळ आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा सांगाडा कॅल्शियमचा, तर किड्याचा सांगाडा बाहेरून आणि कायटिनचा. हाडे नसलेल्या प्राण्यावर हाडे असलेला प्राणी पोसायचा म्हटल्यावर हिशेब तुटीचाच येणार. रक्तातले कॅल्शियम घसरू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि हाडांतून कॅल्शियम ओढून ती तूट भरून काढते. रक्ताचे भागते, हाडे पोकळ होतात. जबडा रबरासारखा लवतो, पाय वाकतात, कणा पिळवटतो, वाढत्या वयाच्या पिल्लांत तर हे फार झपाट्याने होते. प्राणी रोज पोटभर खात असतो, त्यामुळे मालकाला शंकाही येत नाही.

आता एका किड्याचा हिशेब मांडू. अर्ध्या ग्रॅमच्या रातकिड्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीला आणायचे तर त्याच्या पोटात साधारण सव्वा मिलिग्रॅम जादा कॅल्शियम असायला हवे. गाजरात शंभर ग्रॅममागे कॅल्शियम ३०-३५ मिलिग्रॅम असते. त्या मानाने सव्वा मिलिग्रॅमसाठी किड्याला पावणेचार ग्रॅमच्या आसपास गाजर खावे लागेल, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात-आठपट. एवढेही करून उपयोग नाही, कारण गाजरात फॉस्फरसही तेवढाच असतो आणि तूट जिथल्या तिथे राहते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या लेअर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. ते ३५ मिलिग्रॅमच्या आसपास पोटात असावे लागेल, तेही कोरड्या वजनाने. इवल्याशा आतड्याला हे ओझे जड आहे. खाद्यात ८ टक्के कॅल्शियम असेल तर मात्र सुमारे १६ मिलिग्रॅम पुरतात, खाद्यातला फॉस्फरस धरला तर थोडे अधिक. हे जमण्यासारखे आहे. अमेरिकेत ॲलन आणि ऑफ्टेडल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हीच दिशा दाखवली. कॅल्शियम भरपूर असलेल्या खाद्यावर दोन दिवस ठेवलेल्या रातकिड्यांचे गुणोत्तर सुधारते, आणि ते सुधारते किड्याच्या शरीरात काही बदल होतो म्हणून नव्हे, तर त्याचे आतडे त्या खाद्याने भरलेले असते म्हणून. छंदी मंडळी याला ‘गट-लोडिंग’ म्हणतात. आतडे रिकामे झाले की हा लाभही संपला. म्हणून भरलेला किडा त्याच दिवशी सरड्याच्या तोंडी गेला पाहिजे.

इथे एक पेच आहे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असते, म्हणजे ८ टक्के कॅल्शियमच्या खाद्याचा पाचवा हिस्सा निव्वळ चुनखडीची भुकटी झाला. सरड्यासाठी हे उत्तम, रातकिड्यासाठी नाही. त्याला एवढ्या कॅल्शियमचे काही काम नसते आणि हेच खाद्य लांबवले तर त्याची वाढ खुंटते, मरतूक वाढते. म्हणून रातकिडा पाळणे आणि रातकिडा भरणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची खाद्येही वेगळीच हवीत. पाळताना धान्याचा भरडा, पुरेशी प्रथिने, थोडा हिरवा पाला. भरताना दोन दिवस फक्त ते जड खाद्य, आणि तेही बारीक दळलेले, कारण भरड असेल तर किडा कण निवडून चुनखडी बाजूला सारतो. या दोन दिवसांत पेटी गारही नसावी. थंडीत किडा हालत नाही आणि खातही नाही. (पानाच्या डब्यातला खायचा चुना इथे चालत नाही. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, दाहक आहे. शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड चालेल.) दोन्ही कामे एकाच डब्यात, एकाच खाद्यावर उरकू पाहणाऱ्यांचे किडे तरी मरतात किंवा सरडे तरी वाकतात.

पाण्याचा मुद्दा इथेच येतो. हे भरायचे खाद्य कोरडी भुकटी असते आणि तहानलेला रातकिडा कोरडी भुकटी खात नाही. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, मलमार्गातले पाणी तो शेवटच्या थेंबापर्यंत परत शोषून घेतो, लघवीऐवजी युरिक ॲसिड टाकतो. तरीही श्वासरंध्रांतून पाणी जातच राहते आणि हवा जितकी उष्ण व कोरडी तितके जास्त जाते. पिल्लांचे अंग लहान, त्या मानाने पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ती सर्वांत आधी सुकतात. पाणी तुटले की किडा आधी ओले शोधतो, अन्न नंतर. दुकानाच्या डबीत किती दिवस काढले असतील कोण जाणे, अशा किड्यासमोर महागडे खाद्य ठेवले तरी ते तसेच पडून राहते. बहुतेक लोक यावर गाजर, काकडी किंवा बटाट्याची फोड टाकतात. किडा त्यावर तुटून पडतो, तहान भागते, पण त्याबरोबर पोटही भरते, आणि ज्या आतड्यात चुनखडीच्या खाद्याचे १६ मिलिग्रॅम बसवायचे होते तिथे गाजराचा चोथा बसतो. मालक समाधानाने म्हणतो, किडे छान खातायत. म्हणून माझा आग्रह असा की, भरण्याच्या दोन दिवसांत पाणी हे पाणी म्हणूनच द्यावे, अन्नाच्या वेषात नव्हे. भाजीपाला पाळण्याच्या काळात खुशाल द्यावा.

पाणी पाणी म्हणून देणे मात्र वाटते तितके सोपे नाही. उघड्या बशीत रातकिडे बुडतात. पिल्लांना तर एक थेंबही पुरतो. बशीत स्पंज ठेवला तर किडे बुडत नाहीत, पण त्यात विष्ठा साचते आणि जिवाणू माजतात, म्हणून तो रोज धुवावा लागतो, आणि रोज धुणारे थोडेच. पाणी धरून ठेवणारे जेलचे दाणे सोयीचे असतात. कोरडवाहू शेतीत मातीत मिसळायला जे हायड्रोजेल मिळते त्याच कुळातले हे पदार्थ. मात्र खताची किंवा औषधाची भेसळ नसलेले घ्यावेत. घरगुती मार्ग म्हणजे चायना ग्रासची, म्हणजेच अगरची, बिनसाखरेची जेली. कीटकांच्या प्रयोगशाळांतही अगर वापरतात. ती एक-दोन दिवसांत खराब होते, आपल्याला हवीही तेवढीच. पाणी आणि खाद्य पेटीच्या दोन टोकांना ठेवावे. भुकटीत ओल गेली की तिचा गोळा होतो आणि बुरशी धरते. कोकणच्या पावसाळ्यात तर हवाच एवढी दमट असते की पेटीचे झाकण जाळीचे नसेल तर अमोनियाचा वास, बुरशी आणि कोळीकुळातले माइट असे तिन्ही पाहुणे एकदम येतात. रातकिड्याला पाणी प्यायला हवे असते, राहायला कोरडी जागा हवी असते. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न बरोबर उलटा असतो, तेव्हा जेल दिवसातून दोनदा बदलावे लागते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: रानातल्या सरड्याला कोण असे भरून-बिरून देतो? आक्षेप रास्त आहे, पण तुलना अर्धवट आहे. रानातला सरडा एकाच जातीच्या किड्यावर जगत नाही. त्याच्या वाट्याला ज्यांच्या आतड्यात माती आणि पाने असतात असे नाना किडे येतात, काहींच्या वाट्याला गोगलगायी येतात, चुनखडीच्या कवचाचे वाणीसारखे प्राणी येतात. दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांना उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार करता येते, ज्यावाचून आतड्यातले कॅल्शियम रक्तात पुरेसे जात नाही. पेटीतल्या सरड्याकडून आपण हे सगळे काढून घेतले आणि बदल्यात एकच किडा दिला, तेव्हा त्या किड्याच्या पोटाची जबाबदारी आपोआप आपल्यावर आली.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. किड्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरून दिली की भागत नाही का? भागते, पण भरवशाचे नसते. रातकिडा अंग साफ ठेवणारा प्राणी आहे. पेटीत मोकळा सुटला की तो पाय-मिशा पुसू लागतो आणि काही तासांतच बरीच पूड झडून जाते. सरड्याने दोन मिनिटांत किडा टिपला तर पूड पोटात जाते, संध्याकाळी टिपला तर किती गेली हे सांगता येत नाही. ड जीवनसत्त्व असलेली पूड तर वाटेल तशी देऊही नये. ते चरबीत साठते आणि अति झाले की कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडांत व रक्तवाहिन्यांत बसू लागते. पूड वापरावीच, पण भरलेल्या किड्यावर, उपाशी किड्यावर नव्हे.

आणि प्रश्न एकट्या कॅल्शियमचा नाही. पूर्ण तयार अ जीवनसत्त्व किड्यांत नगण्य असते. त्याची किंमत अमेरिकेत बंदिवासात वाढवलेल्या वायोमिंग टोड या दुर्मीळ भेकाने मोजली. जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या पेशींची जागा कोरड्या, शिंगाळ पेशी घेऊ लागल्या. जीभ भक्ष्यापर्यंत पोचायची, पण भक्ष्य तिला चिकटायचे नाही. समोर किडे हिंडत असताना बेडूक उपाशी राहायचे. रातकिड्याच्या पोटातून काय जात नव्हते याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. एकाच उपायाने, म्हणजे नुसत्या चुनखडीने, सगळे साधेल असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. भरायच्या खाद्यात जीवनसत्त्वेही मोजून घातलेली असावी लागतात.

मग रातकिडा सोडूनच का देऊ नये, असे अलीकडे विचारले जाते. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांच्या कातडीत कॅल्शियम कार्बोनेट साठते. त्यांत किलोमागे ९,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम सापडले आहे. आकडा मोहात पाडणारा आहे. पण न चावता अख्खी गिळलेली अळी कित्येकदा जशीच्या तशी बाहेर पडते, आणि पृथक्करणाच्या तक्त्यातले कॅल्शियम म्हणजे पचलेले कॅल्शियम नव्हे. शिवाय अनेक सरडे आणि बेडूक हालचालीलाच भुलतात. उड्या मारणारा रातकिडा त्यांना दिसतो, बशीत वळवळणारी अळी दिसेलच असे नाही. आहारात तिला जागा जरूर द्यावी, रातकिड्याची जागा मात्र देऊ नये. मीलवर्म तर कॅल्शियममध्ये रातकिड्याहूनही दरिद्री आणि चरबीने दुप्पट.

उद्या मरणाऱ्या किड्याची एवढी सरबराई कशाला, हा शेवटचा प्रश्न थट्टेने विचारतात, पण त्याचे उत्तर गंभीर आहे. उत्तर अमेरिकेतल्या मॉर्मन क्रिकेट या टोळासारख्या किड्यांच्या प्रचंड झुंडी मैलोनमैल का चालत राहतात, याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रथिने आणि मीठ यांची भूक त्यांना पुढे ढकलते, आणि जो थांबतो त्याला मागचे भाऊबंद खातात. घरकिडा त्यांचा दूरचाच नातलग, पण प्रथिने आणि पाणी तुटले की तोही शेजाऱ्याला सोडत नाही. आधी नुकती कात टाकलेला मऊ किडा जातो, मग पंख आणि पाय जातात. असा उपाशी, तहानलेला किडा रात्री सरड्याच्या पेटीत उरला तर झोपलेल्या सरड्याच्या पापण्या, बोटे आणि शेपटी कुरतडतो. लहान लेपर्ड गेकोच्या अंगावरच्या जखमांमागे कित्येकदा हेच कारण असते आणि मालक मात्र दिव्याचा चटका बसला असे समजतो. न खाल्लेले किडे संध्याकाळी वेचून काढणे हा खरा उपाय. ते जमत नसेल तर पेटीच्या कोपऱ्यात भरडा आणि जेलचे चार दाणे ठेवावेत, म्हणजे रात्रभर किडे त्या कोपऱ्यात गुंततात आणि सकाळी तिथूनच उचलता येतात.